अस्वलाचा माणूस

बालवर्गाच्या बाईंना घाणीची किळस कधी आली नाही. पोरांची वाहती नाकं त्या बोलता बोलता पुसायच्या, चड्डीत झालेलं निमूट धुऊन टाकायच्या, आणि कुणी मांडीवर ओकलं तर "आज दूध पचलं नाही वाटतं स्वारीला" एवढंच म्हणून उठायच्या. त्यांना किळस होती ती गोडव्याची. खायच्या नव्हे, बोलायच्या. मोठ्या माणसाने आवाज नाकात चढवून "कोऽण आलं बलं आमच्याकले?" असं विचारलं की त्यांच्या अंगावर शहारा यायचा. भिंतीवरचे दात विचकणारे ससे, फुग्यांचा रबरी वास, दारात टांगलेली चमकी या सगळ्याने त्यांच्या पोटात ढवळायचं. आणि त्यांना ते लपवता यायचं नाही. नाक मुरडलेलं राहायचं. त्यांचा नवरा, कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले काका, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लग्नात हिचं नाक सरळ होतं हो. शाळेने वाकडं केलं."

त्या शाळेत दरवर्षी नव्या पोरांसाठी जोरदार तयारी चालायची. तयारी म्हणजे रंग. फाटकाला रंग, भिंतींना रंग, बाकांना रंग. पहिल्या दिवशी पोरांच्या ढुंगणांवर बाकांचे पट्टे उमटायचे, आणि बंद वर्गात तेलकट रंगाचा असा वास कोंडलेला असायचा की पोटातलं वर यावं. हात धुवायचा नळ मात्र होता तिथेच, मोठ्या माणसाच्या कमरेशी. संडासातली भांडीही मोठ्यांची. चार वर्षांचं पोर त्यावर बसलं की दोन्ही हातांनी कड धरून, आत पडतो की काय अशा चेहऱ्याने समोर बघत राहायचं. बरीचशी पोरं त्यापेक्षा चड्डीतच करून मोकळी व्हायची. "यंदाची पोरं फारच अस्वच्छ आहेत," असं मग शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता ठरायचं.

पहिल्या दिवसाची रीतही ठरलेली होती. आईबापांनी फाटकाबाहेर थांबायचं आणि पोर अस्वलाच्या हवाली करायचं. हे अस्वल म्हणजे कापसाचं भलंमोठं सोंग. शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाने ते कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनानंतर उचलून आणलं होतं. मूळचा रंग चॉकलेटी असावा. आता ते भिजून वाळलेल्या पोत्यासारखं दिसे. उजव्या पंजावर कुण्या जुन्या पोराच्या ओकारीचा डाग कडक होऊन बसला होता. ते धुवायचं असतं हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. वरून अत्तर फवारायचे. घाम, बुरशी आणि अत्तर यांचं मिळून जे काही व्हायचं त्याला नाव नव्हतं. आत शिरायचे पीटीचे सर, आणि शिरण्याआधी नाकपुड्यांत कापसाचे बोळे घालायचे.

अस्वल पुढे आलं की पोरं भोकाड पसरायची. म्हणून फाटकावर भोंगा बांधलेला असे. त्यावर कानठळ्या बसतील अशा आवाजात आनंदी गाणी लागायची, म्हणजे आतलं रडणं बाहेर ऐकू जात नसे. हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण भोंगा कशासाठी आहे ते शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आईचे कपडे आणि अस्वलाचे पंजे यांच्यामध्ये उभ्या असायच्या बाई. आईला घट्ट धरलेली मूठ सोडवणं हे त्यांचं काम. त्यांच्याइतकं ते कुणालाच जमत नसे. मूठ अंगठ्याकडून सोडवायला गेलं तर पोर जीव तोडून धरतं. करंगळीपासून एकेक बोट उचलत आलं की शेवटी नुसता अंगठा राहतो, आणि एकट्या अंगठ्याने काही धरून ठेवता येत नाही. शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने त्यांना चिमटाबाई म्हणत. "चिमटाबाई आहेत ना, मग काळजी नाही," मुख्याध्यापिका म्हणायच्या. बाईंनाही पूर्वी त्याचं बरं वाटत असे.

गेल्या वर्षी मात्र एका पोराची मूठ त्यांनी अशीच सोडवली, आणि मोकळ्या झालेल्या त्या हाताने वळून त्यांचंच बोट पकडलं. तितक्याच जोराने. दुसरं कुणी धरायला उरलंच नव्हतं. बाईंनी आपलं बोटही सोडवून घेतलं, अर्थात करंगळीपासून, आणि पोर अस्वलाकडे दिलं. मग त्या नळावर जाऊन हात धूत राहिल्या. शी धुतल्यावर त्या एवढा वेळ कधी हात धुवत नसत.

काकांची लॉन्ड्री शाळेपासून दोन वळणांवर होती. पुढे टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, मागे इस्त्रीचं लांब टेबल, त्याच्यामागे धुलाईचं यंत्र आणि उघडं आवार. टेबलाशी काम करायची ती तरुण बाई सगळ्यांची इस्त्रीवाली. नवरा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर. पोरगी असायची टेबलाखाली. तिला काका मुंगी म्हणत, कारण बघावं तेव्हा ती आपल्यापेक्षा मोठी वस्तू ओढत चाललेली असे. हँगरांचा जुडगा, उशीचा अभ्रा, एकदा तर अख्खी ओली गोधडी. परक्या माणसासमोर ती तोंड उघडत नसे. कुणी दुकानात आलं की टेबलाखाली जायची आणि गिऱ्हाइकाचे बूट बघत बसायची.

काका गिऱ्हाइकांना नावाने ओळखतच नसत. "करड्या कोटाचा माणूस येऊन गेला का?" "हिरव्या शालीची बाई उद्या येणार." तेच ऐकून ऐकून मुंगीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की प्रत्येक कपड्याला त्याचा एक माणूस असतो, तो कपडा काढून ठेवून कुठेतरी गेलेला असतो, आणि एक दिवस तो येतोच. नवीन कपडा टांगला की ती खालून विचारायची, "ह्याचा माणूस कधी येणार?"

सुट्टी लागली त्या दिवशी बाई दुकानात आल्या आणि इस्त्रीवालीला म्हणाल्या, "यंदा तरी घालणार ना हिला शाळेत? अजून किती दिवस टेबलाखाली ठेवणार?"

इस्त्रीवालीचा हात थांबला नाही. "घालायचंय हो काकू. पण तुमच्या शाळेत नाही."

"का? काय वाईट आहे आमच्या शाळेत?"

"तुम्ही."

काका पलीकडे पावत्या चाळत होते, त्यांना ठसका लागला.

"राग मानू नका," इस्त्रीवाली म्हणाली, "पण मागच्या वर्षी शेजारणीच्या पोराला सोडायला मी गेले होते. बघितलं मी तुम्हाला. कोंबडीची पिसं उपटावीत तशी त्याची बोटं उपटलीत तुम्ही. ते पोरगं नंतर कितीतरी दिवस हातात काही धरेना. चमचा दिला तरी सोडून द्यायचं."

ते पोर कुठलं ते बाईंना विचारावं लागलं नाही.

"मग नदीपलीकडच्या शाळेत घाल."

"तिकडे सोडायचं-आणायचं म्हणजे हे काम सोडावं लागेल. ते परवडेल का मला? राहू दे की अजून एक वर्ष इथे."

टेबलाखालून मुंगीचा हात बाहेर आला. कोपराजवळ वाफेने पोळल्याचा गुलाबी डाग होता, अजून ताजा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आणखी वर्षभर तिने इथे बसायचं, आणि इस्त्री वर तापतच राहणार.

"मी तिची बोटं सोडवणार नाही," त्या म्हणाल्या.

"आणि दुसरं कुणी?"

"कुणीच नाही. तू तिच्याबरोबर आत येशील. ती सोडेल तेव्हा सोडेल."

इस्त्रीवालीने पहिल्यांदा इस्त्री उभी केली. "काकू, शब्द आहे हा. नुसतं बोलणं नाही."

"शब्द आहे."

"माझ्यासमोर दिलाय हं," काका म्हणाले. "फिरलीस तर तुझे कपडे तूच धू."

दुसऱ्याच दिवशी बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. या मॅडम त्यांच्यापेक्षा वयाने लहान, शिकलेल्या, कपड्यांना एकही सुरकुती नसलेल्या, आणि सदैव धास्तावलेल्या. नदीपलीकडची शाळा पोरं पळवते, ही ती धास्ती. टेबलावर काचेच्या बरणीत रंगीत गोळ्या होत्या. त्या फक्त दिसायला. एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता आणि त्यात एक मुंगळा मरून पडला होता.

बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. सुट्टीतच पोरं थोडी थोडी बोलवायची, रिकामी शाळा दाखवायची. नळाखाली, संडासात लाकडी पायऱ्या ठेवायच्या. पहिला आठवडाभर आईबापांना वर्गात मागे बसू द्यायचं. भोंगा बंद.

"भोंगा बंद?" मॅडम दचकल्या. "अहो बाई, रडणं ऐकू जाईल!"

"रडतात म्हणून ऐकू जातं."

"मग पालक म्हणतील, या शाळेत पोरं रडतात."

"सगळ्याच शाळांत रडतात."

"रडू देत ना! पण आपल्या शाळेतलं बाहेर ऐकू येता कामा नये." मॅडमनी हनुवटीला बोट लावलं. "पायऱ्या तुम्ही आणत असाल तर आणा. सुट्टीत यायचं तर या. बरं, पालकांना बसू द्या मागे. पहिला आठवडा. तुमच्यासाठी म्हणून, हं. भोंग्याचं बघू."

"आणि अस्वल नको."

"अस्वल अध्यक्षांचं आहे."

"मग त्यांनाच घालायला सांगा."

"बाई!"

"बरं, निदान धुऊन तरी आणते," बाई म्हणाल्या आणि अडगळीतून ते धूड बाहेर काढून बगलेत मारून निघाल्या.

लॉन्ड्रीच्या दारात काकांनी दोन्ही हात पसरून वाट अडवली. "हे मेलेलं आहे की मारायचं आहे?"

"धुवायचं आहे."

"माझ्या यंत्रात? यंत्र ओकेल, बाई माझे!"

शेवटी मागच्या आवारात टपात घालून ब्रशाने घासायचं ठरलं. पाणी आधी काळं आलं, मग चहासारखं. पंजे उलटे केले तेव्हा आतून काय काय निघालं: केस अडकलेली एक पोरीची पिन, बिस्किटाचा भुगा, गोळ्यांचे चिकट कागद, पीटीच्या सरांचे वर्षानुवर्षांचे कापसाचे बोळे. काकांनी तोंडाला रुमाल बांधला. "यात घालता पोरं तुम्ही?" त्यांनी रुमालाआडून विचारलं. बाई घासत राहिल्या. बोळे, भुगा, पिन यांचं त्यांना काही वाटलं नाही. इतकी वर्षं आपण मुठी सोडवून पोरं या पंजांत दिली, हे मात्र घशाशी आलं.

धुतलेलं अस्वल दोरीवर उलटं टांगलं आणि डोकं खुंटीला अडकवलं. तेव्हा मुंगी आवारात आली. बराच वेळ खाली उभी राहून बघत होती.

"ह्याचा माणूस कधी येणार?"

"शाळा सुरू झाली की," बाई म्हणाल्या.

"डोकं इथेच ठेवून गेला?"

"विसराळू आहे तो."

"आत काय आहे?"

बाईंनी डोकं काढून तिच्यासमोर धरलं. मुंगीने आधी हात घातला, मग वाकून आपलंच डोकं आत घातलं. थोडा वेळ नुसती तिची मान दिसत होती. मग बाहेर येऊन तिने जाहीर केलं, "साबण." आणि हँगर ओढत निघून गेली. तिच्या लेखी विषय संपला होता.

बाई ते रिकामं डोकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शाळासुद्धा अशीच आतून बघू द्यायला हवी, माणसं यायच्या आधी.

काकांनी इस्त्रीच्या जुन्या फळ्यांच्या पायऱ्या ठोकून दिल्या. मुंगी आणि तिची आई दुपारच्या वेळी शाळेत येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मुंगी फाटकातून पुढे सरकेना, म्हणून तिघी फाटकातच बसल्या. मग एकदा वर्गाच्या दारापर्यंत. मग आत. बाईंनी तिला खुंट्या दाखवल्या. तिने हात पुरेल ती निवडली आणि एक हँगर तिला अडकवला. संडासात बाईंनी साखळी ओढून दाखवली. धो धो पाणी आलं तशी मुंगी जी सुटली ती थेट मैदानात. थोड्या वेळाने स्वतःच परत आली, पायरीवर चढली, साखळी ओढली आणि फिरत जाणाऱ्या पाण्याला म्हणाली, "जा." त्या शाळेत ती बोललेला तो पहिला शब्द.

वर्गात मागे एक बुटकं बाक होतं. "पहिल्या दिवशी तुझी आई इथे बसणार," बाईंनी सांगितलं. इस्त्रीवाली बसली, तर गुडघे हनुवटीला टेकले. मुंगी नळापर्यंत जायची, वळून बघायची, आई आहे. खुंटीपर्यंत जायची, वळून बघायची, आहे.

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आणखी पोरं यायला लागली. त्यात एक ढोल्या होता, रोज आपल्या आईला हाताला धरून तिची जागा दाखवायचा आणि ती दुसरीकडे बसली तर उठवायचा. बाईंचं नाक त्या दिवसांत जरा सैल पडलं होतं. काकांनी तसं बोलूनही दाखवलं.

मग हे सगळं मॅडमच्या कानावर गेलं.

त्या एके दिवशी फोटोवाल्याला घेऊनच आल्या. "अय्या, कित्ती गोऽड!" त्यांनी दारातूनच सूर लावला. ढोल्याला पायरीवर चढवून हात धुवायला लावलं. "पुन्हा एकदा हं बाळा, आता हसून." पाणी नळाला होतं की नव्हतं, कुणी पाहिलं नाही. मुंगीला खुंटीखाली उभं केलं. ती हसेना, तेव्हा फोटोवाल्याने दोन बोटांनी तिच्या गालांचे कोपरे वर ओढले आणि पटकन मागे होऊन फोटो काढला. बाईंना तिथल्या तिथे ओकारी येईल असं झालं.

आठवड्यात फाटकावर फलक लागला. मुंगीचा दाराएवढा चेहरा, कुणीतरी ओढून काढलेलं हसू, आणि खाली ठळक अक्षरांत: 'आमच्याकडे कुणीच रडत नाही!'

फलकाने काम चोख केलं. नदीपलीकडची पोरंसुद्धा इकडे आली. शाळा सुरू व्हायच्या सकाळी फाटकाबाहेर एवढी गर्दी उसळली की रस्ता अडला. बाई आत शिरताहेत तोच मॅडमनी त्यांना बाजूला ओढलं. मॅडमच्या अंगाला भपकन अत्तराचा वास आला.

"बाई, पालक आत नाहीत हं."

"म्हणजे?"

"एवढे कुठे बसवणार? अध्यक्ष यायचेत. आणि भोंगा तर लागलाच पाहिजे, बाहेर फलक लावलाय आपण."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"मूठभर पोरं होती तेव्हा दिला होता."

"आपण पोरांना सांगितलंय, मॅडम. आई कुठे बसणार ती जागासुद्धा दाखवलीय."

मॅडम हसल्या, समजूतदारपणे, जसं लहान मुलाकडे बघून हसतात. "अहो, चार वर्षांच्या पोरांना काय आठवतंय!"

आणि भोंगा सुरू झाला.

अस्वल फाटकात आलं. धुतल्यामुळे त्याचे केस फुलून ते दुप्पट दिसत होतं. कधी शाळा न पाहिलेल्या पोरांची पाचावर धारण बसली. दोघातिघांना दुसऱ्या बायांनी उचलून तसंच आत नेलं. त्यांची तोंडं उघडी होती, पण बाहेर फक्त गाणं ऐकू येत होतं.

ढोल्याचा नंबर आला. तो रडत नव्हता. आईचा हात धरून तो ऐटीत पुढे निघाला, "चल, तुझ्या जागेवर बस," म्हणत. शिपायाने आईला अडवलं. ढोल्याला वाटलं, शिपायाला माहीत नसेल.

"ती आत बसते," त्याने सांगितलं.

शिपाई हलला नाही. मग त्याने मान वर करून बाईंकडे बघितलं. "बाई, आई मागे बसणार ना?"

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो फक्त त्या हो म्हणतील म्हणून थांबला होता. बाई नुसत्या त्याच्यापुढे वाकल्या. त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला, आणि तो रडायला लागला. असं रडणं बाईंनी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. ओरडून नाही, आत आत. ज्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं ते पोर नुसतं घाबरलं होतं. याला त्यांनी सगळं सांगितलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं.

"बाई, चला ना, उरका," मॅडम मागून ओरडल्या.

रांगेत ढोल्यामागे इस्त्रीवाली उभी होती. मुंगीची मूठ तिच्या कुर्त्याच्या कडेला होती. इस्त्रीवाली बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. म्हणून बाईंनीही खाली बघितलं. ढोल्याची करंगळी त्यांच्या चिमटीत होती. हात सवयीने आपणहून पुढे गेला होता.

त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. सगळं एकदम घशाशी आलं, अत्तर, रंग, फलकावरचं ते ओढलेलं हसू, आणि स्वतःची ती चिमटी. त्या वळल्या, दोन्ही हातांनी अस्वलाचं डोकं धरलं आणि उपटून काढलं.

"अहो! अहो बाई, माझं डोकं!"

आत पीटीचे सर होते, घामाने निथळत, लालबुंद, अस्वल धुतलेलं असूनही नाकात बोळे घातलेले. फाटकातली पोरं आ वासून बघत राहिली. रडणारीसुद्धा श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात, परक्यांसमोर कधी तोंड न उघडणारी मुंगी आईचा कुर्ता न सोडता पण स्पष्ट म्हणाली,

"आला. ह्याचा माणूस आला."

सरांना शिंक आली. एका नाकपुडीतला बोळा उडून शिपायाच्या टोपीवर बसला. ढोल्या रडता रडता फिसकन हसला, आणि नाकातला शेंबूड ओठावर आला. बाईंनी तो पुसला आणि अस्वलाचं डोकं त्याच्या हातात दिलं. "धर. आत बघ."

मग त्या भोंग्याच्या खांबाशी गेल्या आणि वायर ओढून काढली.

गाणं मध्येच तुटलं. आणि वर्गाकडून, बंद दाराआडून, रडणं आलं. इतकी वर्षं त्या फाटकापर्यंत ते कधी पोचलं नव्हतं. आईबापं जागच्या जागी थिजली. "नाही नाही, हे म्हणजे," मॅडम हात हलवत पुढे आल्या, "आनंदाने, आनंदाने ओरडतायत!" गर्दीतला एक उंच बाप मान तिरकी करून ऐकत होता. "ही माझी आहे," तो म्हणाला आणि शिपायाच्या अंगावरून आत गेला. मग दुसरी आई. मग कुणालाच अडवण्यात अर्थ उरला नाही.

वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. बुटक्या बाकांवर, जमिनीवर, दारात, मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पीटीचे सर डोक्याविना फिरून पोरांना पंजाच्या आत हात घालू देत होते. ताज्या रंगाचा वास तसाच होता, पण कुणीतरी खिडक्या उघडल्या होत्या.

अध्यक्ष आले तेव्हा मॅडम त्यांना दारात सांगत होत्या, "हा आमचा यंदाचा नवा उपक्रम, सर. अस्वल स्वतःच डोकं काढतं, म्हणजे बालमनातली भीती जाते." अध्यक्षांनी मान डोलावली. "वा! माझ्या मुलाचीच कल्पना असणार." फोटोवाला वाकला. बाई तोंड उघडून काहीतरी बोलणार होत्या, जे बोलल्यावर नोकरी बहुधा राहिली नसती. इतक्यात त्यांनी मांडीवर घेतलेलं एक पोर रडून रडून सगळं दूध त्यांच्या अंगावर ओकलं.

"आज पचलं नाही वाटतं स्वारीला," बाई म्हणाल्या आणि त्याचं तोंड पुसायला लागल्या. मॅडम नाकाला रुमाल लावून मागे सरल्या, आणि त्यांच्याबरोबर फोटोवालाही.

मुंगी आईच्या गुडघ्याशी उभी होती. कुर्त्याची कड मुठीत. तिने आपल्या खुंटीकडे बघितलं. तिथे दुसऱ्याच कुणीतरी दप्तर अडकवलं होतं, आणि तिचा हँगर खाली पडला होता. हा अन्याय ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने आधी अंगठा सोडला. मग एकेक बोट. करंगळी सर्वांत शेवटी सुटली, आणि ती हँगर उचलायला निघाली.

इस्त्रीवालीने बाईंकडे बघितलं. बाई ओला कपडा पिळत होत्या. त्यांनी बघितलं होतं. नाक तेवढं मुरडलेलं होतं, कारण दारात मॅडमचं गोड बोलणं अजून चालूच होतं.